तेल जिरांदे

देवगडच्या जुन्या घरात वाढलेली आम्ही चुलत-आते-मावस भावंडं आता पन्नाशी-साठीत आहोत. कुणी ठाण्यात, कुणी पुण्यात, एखाददुसरा सातासमुद्रापार. जमलो की गप्पा आंब्याच्या भावावरून सुरू होतात आणि घटकाभरात तेलावर येतात. बाहेरच्या माणसाला वाटावं, या घरात तेलाचा व्यापार होता की काय! व्यापार नव्हता, पण घर तेलावर चालायचं हे मात्र खरं.

खोबरेल घरच्या नारळांचं. खळ्यात वाळवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या घाण्यावर पोचवायच्या आणि येताना डबाभर तेल नि गुरांसाठी पेंड घेऊन यायची. ते डोक्याला, अंगाला, तान्ह्या मुलांना, सगळ्यांना चालायचं. तिळाचं तेल विकतचं, म्हणून दिवाळीपुरतं. उंडेल आजोबांच्या गुडघ्यांचं. किनाऱ्याला उंडीची झाडं, त्यांची गोल फळं गोळा करायचं काम आम्हा पोरांचं. फळं वाळवून फोडली की आतल्या गरातून हिरवट-काळं तेल निघतं. त्याला कडू तेलही म्हणतात. पूर्वी ते दिव्यात जळायचं, होड्यांच्या लाकडाला लागायचं. होडीला आणि आजोबांच्या गुडघ्याला एकच औषध, यावर आम्ही पोटभर हसायचो. वास इतका उग्र की ती बाटली मागीलदारी, न्हाणीच्या बाहेरच्या कोनाड्यात. तिला घरात प्रवेश नव्हता.

चौथं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकले की सालींची सोलं व्हायची आणि बिया धुऊन उन्हात पडायच्या. वाळल्या की फोडून आतला गर काढायचा, उखळात कुटायचा आणि मोठ्या टोपात पाण्याबरोबर बराच वेळ उकळायचा. टोप रात्रभर तसाच ठेवला की सकाळी पाण्यावर पांढुरका थर धरलेला असे. मोठी काकी तो ओंजळीत घेऊन मुठीत दाबायची. पाणी निथळून जायचं आणि बोटांचे ठसे उमटलेला लांबट गोळा हातात उरायचा. असे गोळे परडीत रचून ठेवले की वर्षाची बेगमी झाली. मुठेल एरवी कडक असतं. निखाऱ्याच्या आचेला धरलं की कडेने पाझरू लागतं, आणि तेवढंच बोटावर घेऊन भेगेत भरायचं.

त्याची खरी कसोटी पावसात. देवगड कातळाचा मुलूख, भाताचे मळे बेताचेच. पण होते तेवढ्यांत लावणीच्या दिवसांत घरातल्या बायका सकाळपासून कमरेत वाकलेल्या असत. संध्याकाळपर्यंत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. जेवणं झाली की माजघरात पायांची रांग लागायची. चिखल्यांना कोमट मुठेल आणि तळपायावर काशाची वाटी, गोल गोल, एका लयीत. वाटी नि पाय दोन्ही काळे झाले की आजी समाधानाने म्हणायची, "बघ, हुष्णता भायर इली." पुढे आमच्यातल्या एकाने रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि ते काळं काशातल्या धातूवर तेल-घामाचा परिणाम होऊन येतं, अंगातल्या उष्णतेशी त्याचा काही संबंध नाही, असं जाहीर केलं. आजी म्हणाली, "आसात बापडा. पण तू तेवा निजायचंस मां?" निजायचा. वाटीचा दहावा-बारावा फेरा होईपर्यंत त्याचं घोरणं सुरू झालेलं असे.

रविवार पोरांचा. आजी खळ्याच्या पायरीवर बसायची आणि एकेकाला गुडघ्यांत दाबून धरायची. पळून जायची सोय नाही. आधी टाळूवर तेल थापायचं, मग कानशिलं, मान, खांदे. पाठीवर तिचे दोन्ही अंगठे मणक्याच्या दोन बाजूंनी खालून वर यायचे, खुद्द मणक्यावर कधीच नाही. पोटरीला मात्र जोर. "मेल्या, हलतस कित्याक? तेल काय फुकट येता?" हे वाक्य दर पोरामागे एकदा. चोळून झालं की हुकूम सुटायचा: "तेल जिरांदे." म्हणजे भाणातलं पाणी कढत होईपर्यंत उन्हात नुसतं बसायचं. धावायचं नाही, मातीत लोळायचं नाही. ती अर्धी घटका आम्हाला शिक्षा वाटायची. आज आमच्यातले दोघे-तिघे रक्तदाबाच्या गोळ्या घेतात आणि डॉक्टर त्यांना रोज थोडा वेळ काहीही न करता बसायला सांगतात, तेव्हा त्यांना हीच आठवते.

आजीचे नियमही होते. ताप असेल तर तेल नाही, जेवल्यावर लगेच नाही, पोट बिघडलेलं असेल तर नाहीच. आजी शाळेत फार गेली नव्हती. पण वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना रोज अभ्यंग करावा, डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करून तेल लावावं, आणि अजीर्ण असताना ते टाळावं, असंच म्हटलं आहे. शेकडो वर्षांपूर्वीची ही संस्कृत ओळ आमच्या खळ्यापर्यंत कशी पोचली, कुणी सांगू शकणार नाही. कुठल्या तरी सासूने सुनेला सांगितलं असणार, एवढंच.

चाकरमानी आले की मोठ्यांची पाळी लागे. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ मध्ये. त्याआधी मुंबईहून यायचं म्हणजे रात्रभर एसटीत गुडघे पुढच्या बाकड्याला टेकवून, घाटाची वळणं खात, नांदगावला महामार्ग सोडून देवगडच्या वाटेला लागायचं. उतरलेला काका सरळ उभा राहू शकत नसे. आजी त्याला दारातच सांगायची, "पयला आंग चोळून घे, मगे बॅग उघड." आम्हा पोरांची नजर बॅगेवर, त्यामुळे त्याची पाठ लवकर मोकळी व्हावी अशी आमची मनापासून इच्छा असे. गंमत म्हणजे ही पाठ आजी चोळायची, नाहीतर आत्या. काकी नाही. बायकोने नवऱ्याच्या अंगाला चारचौघांत हात लावणं शोभत नसे. तेल गरम करून आणून द्यायचं, एवढाच तिचा वाटा.

कंबर जास्तच धरली असेल तर चोळण्यानंतर शेक. तव्यावर मीठ भाजायचं, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि सोसेल तितकी गरम कमरेवर ठेवायची, नाहीतर निगडीच्या पाल्याने शेकायचं. अमेरिकेतल्या 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नव्याने धरलेल्या कमरेला गोळ्यांच्या आधी शेक, मालिश असले उपाय करून पाहा, असं त्यांत म्हटलंय. मालिशीबद्दलचा पुरावा फार भक्कम नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलंय. आणि बहुतेकांची कंबर काळाबरोबर आपली आपण बरी होते, असंही.

हे शेवटचं वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या एका चुलत बहिणीची आठवण झाली. ती पायाळू. जन्मताना पाय आधी आले, म्हणून तिचा पाय लागला की उसण उतरते अशी वाडीची श्रद्धा. सात-आठ वर्षांची पोर अभ्यास करत बसलेली असायची आणि दारात कुणीतरी कमरेवर हात ठेवून कण्हत उभा. "गो बाय, जरा पाय लाव गो." ती तोंड वाकडं करत उठायची, पालथ्या पडलेल्या गड्याच्या पाठीला हळूच पाय लावायची आणि परत पाढे म्हणायला बसायची. चार दिवसांनी उसण उतरायची आणि तिच्यासाठी फणस यायचा. अमेरिकन डॉक्टरांच्या हिशेबाने उसण तशीही उतरणारच होती. पण फणस फुकट गेला असं आमच्यापैकी कुणाला वाटत नाही.

या सगळ्यात बायकांची पाळी आयुष्यात एकदाच, फार तर तीन-चारदा येई. ती बाळंतपणात. आत्या माहेरी आली की वाडीपलीकडची वैजीण रोज सकाळी येऊ लागायची. आम्ही पोरं तिला 'गो आजये' म्हणूनच हाक मारायचो. एरवी पहाटेपासून रात्रीपर्यंत जिला कुणी बस म्हणत नसे, ती आत्या सव्वा महिना नुसती पडून राहायची. अंगभर कोमट तेल, कंबर आणि मांड्या रगडून, पोटाला घट्ट पट्टा, कढत पाणी, मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि तिच्यात ओवा, बाळंतशेप. त्या खोलीचा वास आजही आमच्यातल्या कुणालाही डोळे बांधून ओळखता येईल. दाराआडून बायकांचं हसणं ऐकू यायचं, मधूनच रडणंही. सासरच्या ज्या गोष्टी आत्याने आईलाही सांगितल्या नव्हत्या, त्या वैजिणीच्या हाताखाली बाहेर पडायच्या. अंग सैल झालं की तोंडही सैल होतं, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं आणि ऐकलेलं ती पोटात ठेवायची.

मग बाळ. न्हाणीत पाटावर बसून ती दोन्ही पाय लांब पसरायची आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालायची. पाठीवरून हात ढुंगणापर्यंत सरळ, मग तळपाय, मग उताणं करून छातीवर बाहेरच्या बाजूला. डावा हात उजव्या पायाला, उजवा हात डाव्या पायाला लावून फुली घालायची. बाळ आधी किंचाळायचं, मग हुंकारायचं, आणि धुरी देऊन दुपट्यात गुंडाळेपर्यंत झोपलेलं असायचं. तिच्या काही गोष्टी आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ करू देणार नाही. नाक चिमटीत ओढणं, कानानाकात तेल सोडणं, कोंडलेल्या खोलीत धूर करणं, हे बंद झालं ते बरंच झालं. पण बाकीच्या चोळण्याला विज्ञानाने नंतर दुजोराच दिला. टिफनी फील्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना दहा दिवस, रोज तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं चोळलं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढलेलं दिसलं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लवकर जन्मलेल्या बाळांना खोबरेल तेलाची मालिश अधिक मानवल्याचं आढळलं. फ्रेडरिक लबोये हे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ कलकत्त्यात एका आईला रस्त्याकडेला बाळ चोळताना पाहून थक्क झाले. त्यांनी तिच्याच नावाचं 'शांतला' हे पुस्तक १९७६ मध्ये काढलं आणि पायांवर बाळ घेऊन बसलेल्या भारतीय बाईचे फोटो युरोपभर गेले. आमच्या परदेशातल्या भावाच्या सुनेने तिकडे पैसे भरून बाळाच्या मालिशीचा वर्ग लावला. तिने व्हिडिओ पाठवला तेव्हा इकडे काकी म्हणाली, "ह्यां तर आमची वैजीण करी. पैशे कित्याक भरलंस?"

वैजिणीला काय मिळायचं? तांदूळ, नारळ, बारशाला लुगडं. आणि रोज चहा. तो कप मागच्या पडवीत, फळीवर पालथा घातलेला असे, निराळा. ज्या हातांनी आमच्या घरातलं प्रत्येक तान्हं मूल आणि प्रत्येक बाळंतीण चोळली, त्या हातांना आमच्या कपबशीला शिवायची मुभा नव्हती. अंगाला शिवलेलं चालायचं, भांड्याला नाही. त्या वेळी हे कुणाला खटकल्याचं आठवत नाही. जुन्या घराच्या आठवणी काढताना असा कप सोयीस्करपणे फळीवरच राहतो, म्हणून तो इथे खाली काढून ठेवला.

दिवाळीत तेलाचा मान सगळ्यांत मोठा. चावदिसाला, म्हणजे नरक चतुर्दशीला, पहाटेच्या काळोखात खळ्यात पाट, भोवती रांगोळी, तिळाचं तेल, उटणं, नारळाचा रस. एकेका पुरुषाला आणि पोराला बसवून बायकांनी चोळायचं. आंघोळ झाली की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, कडू रस जिभेला लावायचा आणि पोह्यांवर तुटून पडायचं. आम्हाला सगळं आठवतं, पोह्यांचे प्रकारसुद्धा. फक्त बायकांना त्या दिवशी तेल कधी आणि कुणी लावलं, हे काही केल्या आठवत नाही. विचारलं तर मोठी काकी म्हणाली, "तुमी उठायच्या आधी. आपल्या हातान. पाठ तेवडी रवान जाय." पाठ तेवढी राहून जायची, कारण आपल्या हाताने आपली पाठ चोळता येत नाही.

ही गोष्ट साधी, पण मालिशीचं सगळं मर्म त्यात आलं. स्नायू काय, लाटण्याने रगडले तरी थोडे सैल होतात. मन मात्र दुसऱ्याच्या हातानेच होतं. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे असतात, की सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या उबदार हाताला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि तो निरोप मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या भागात पोचवतात. धक्का, चिमटा, ओझं यांचा निरोप नेणारे तंतू वेगळे. २०२१ चं वैद्यकातलं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापुटियन यांना मिळालं, तेही उष्णता आणि स्पर्श शरीराला कसे कळतात हे शोधल्याबद्दल. म्हणजे शेक आणि चोळणं. आमच्या घरात लाडाचे शब्द नव्हते. मुलाला जवळ घेऊन 'तू मला आवडतोस' म्हणणारा बाप अख्ख्या वाडीत नसावा. ते सगळं काम तेलाच्या निमित्ताने उरकायचं. शिव्या चालू, हात चालू, आणि अंगाला जे कळायचं ते कळायचं. फक्त ही देवघेव घरातल्या निम्म्या माणसांकडून उरलेल्या निम्म्यांकडे, एकाच दिशेने चालायची.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आता किनाऱ्याने गेलात तर आयुर्वेदिक मसाजच्या पाट्या दिसतात. आमच्यातले एक-दोघे जाऊन आले. मंद वाद्यसंगीत, सुगंधी तेल, शिकलेला सफाईदार हात, तासाचे पैसे. अंग हलकं झालं, झोप उत्तम लागली, तक्रारीला जागा नाही. "पण कोण गाळी घालीत नाय, मगे जरा चुकल्यासारख्या वाटता," असं एकाने सांगितलं. त्या मुलामुलींनी हे काम रीतसर शिकून घेतलंय, त्यांना पगार आहे, सुट्टी आहे आणि त्यांचा कप निराळा नाही. वैजिणीच्या नातीच्या वयाच्या त्या मुली. तेवढ्यापुरतं तरी जग पुढे गेलंय असं म्हणायला हरकत नाही.

मोठी काकी आता थकलीय. मध्यंतरी तिचा खांदा धरला, हात डोक्यावर जाईना. फिजिओथेरपिस्टने व्यायाम लिहून दिले आणि त्याआधी शेक नि हलकी मालिश करायला सांगितलं. पोटरी सुजली, लाल झाली, दुखायला लागली तर चोळू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, हेही बजावलं. शिरेत रक्ताची गाठ असली तर चोळणं जिवावर बेतू शकतं. ते काम तिच्या थोरल्याकडे आलं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, जन्मात कुणाच्या अंगाला तेल लावलेलं नाही. पहिल्या दिवशी वाटी हातात घेऊन कुठून सुरुवात करायची ते त्याला कळेना. काकीने पालथं पडल्या पडल्या धडा सुरू केला: तेल आधी आपल्या हातात ऊन कर, अंगठा नको, तळवा लाव, हाडाच्या बाजूने ने, घाई कसली आहे.

यंदाच्या दिवाळीला आम्ही सगळे जमलो होतो. चावदिसाला पाटावर आधी बायका बसतील आणि चोळायला पुरुष, असा ठराव सुनांनी आदल्या रात्री मंजूर करून टाकला. पहाटे खळ्यात जो गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा नाही. कुणाचं तेल रांगोळीत सांडलं, कुणाचं उटणं डोळ्यात गेलं. काकीच्या पाठीला दोघे लागले, तरी तिचं समाधान होईना. शेवटी दोघांना बाजूला करून तिने निकाल दिला, "हात बरे आसत, पण घाई लय. आणि आता गप बसा. तेल जिरांदे." साठीचे दोन बाप्ये मुकाट्याने पायरीवर जाऊन बसले. सुनांनी पुढच्या वर्षाची पाळी तिथल्या तिथे लावून टाकली आणि वैजिणीच्या नातसुनेला पोह्यांना बोलावणं धाडलं. ती आली, आमच्यातच बसली आणि दोनदा चहा मागून प्यायली.